ऊसतोडणी श्रम व कामगार कायदे, बारामती–इंदापूर परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कालव्याच्या पाण्यावर ऊसशेती वाढली व पुढे तिच्या आधारे साखर कारखानदारी उभी राहिली. या उद्योगातील श्रमाचे दोन भाग पडतात : कारखान्याच्या आवारातील यंत्रांवरचे काम आणि आवाराबाहेरचे ऊस तोडण्याचे व वाहून आणण्याचे काम. पहिल्या भागास विसाव्या शतकात कामगार कायद्यांचे संरक्षण क्रमाक्रमाने मिळत गेले. दुसरा भाग, सर्व गाळप त्याच्यावर अवलंबून असूनही, बव्हंशी त्या संरक्षणाबाहेर राहिला. ही विभागणी कामाच्या स्वरूपातून आपोआप झालेली नाही. मालक कोण, कामगार कोण व आस्थापना कोठे संपते, या प्रश्नांना कायद्याने व व्यवहाराने दिलेल्या उत्तरांतून ती घडली आहे. पुढे या परिसरात आलेल्या अन्य उद्योगांतही तीच रीत आढळते.

पूर्वपीठिका : दक्षिणेस नीरा, तर इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा अशा नद्या असूनही हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. पाऊस थोडा व अनिश्चित असल्याने येथील शेतकरी दुष्काळ आणि कर्ज यांच्या कचाट्यात वारंवार सापडे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील रयतवारीची नवी जमाबंदी प्रथम इंदापुरात १८३६ मध्ये अंमलात आली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी तीस वर्षांच्या मुदतीने केलेली ही जमाबंदी पुढे इतर तालुक्यांना नमुना ठरली. सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांचा आरंभ १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील व आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या बाजाराच्या गावी झाला. शेतकऱ्यांनी तेथे प्रामुख्याने कर्जखते हस्तगत करून जाळली. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि कर्जापोटी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची रीत बंद केली.

या अधिनियमाचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. लेखी करार दोन्ही पक्षांनी राजीखुशीने केलेला असला, तरी एक पक्ष गरजेने बांधलेला असल्यास कायद्याने त्या कराराच्या आत डोकावावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. मात्र त्याचा लाभ मुख्यतः जमीन असलेल्या वा कसणाऱ्या कुळाला होता. ज्याच्याजवळ गहाण ठेवण्यास स्वतःच्या श्रमाखेरीज काही नव्हते, अशा मजुराच्या कर्जाला ते तत्त्व लागू होण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कालवा व ऊसशेती : १८७६–७७ च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणार्थ हाती घेतलेल्या पाटबंधाऱ्यांच्या कामांपैकी नीरा डावा कालवा हे एक प्रमुख काम होय. भोर भागात वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी या कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांस मिळू लागले. नवे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाल्यावर पाणीपुरवठा अधिक खात्रीचा झाला. आरंभी स्थानिक शेतकरी पाणी घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. सासवड भागातील माळी समाजाच्या अनुभवी बागाईतदारांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस व गूळ यांचा धंदा प्रथम वाढविला. नंतर स्थानिक शेतकरीही त्यात उतरले. उसाला खते, पाणी, बांधणी, तोडणी व गुऱ्हाळ यांसाठी भरपूर मनुष्यबळ लागे. ते सालगडी, रोजंदारीचे मजूर आणि जिरायत भागांतून हंगामापुरती येणारी कुटुंबे यांच्याकडून मिळे. सालगड्याला वर्षाच्या आरंभी काही रक्कम आगाऊ देण्याची चाल होती. पुढे ऊसतोडणीत रूढ झालेल्या ‘उचल’ पद्धतीचे एक मूळ या चालीत दिसते.

खाजगी कारखाना व कंपनीची शेती : इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या पुढाकाराने मोठी ऊसशेती आणि १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला; त्याभोवती वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत वाढली. येथे ऊस पिकविणे व गाळणे ही दोन्ही कामे एकाच कंपनीकडे होती. त्यामुळे शेतावरील मजुराचा मालक कोण, याबद्दल संदिग्धता नव्हती. याच सुमारास भारतात कामगारविषयक कायद्यांची पायाभरणी होत होती : नुकसानभरपाई (१९२३), कामगार संघटना (१९२६), वेतन प्रदान (१९३६), मुंबई औद्योगिक संबंध (१९४६), औद्योगिक विवाद (१९४७) आणि कारखाने, किमान वेतन व राज्य कामगार विमा (तिन्ही १९४८) हे अधिनियम पाव शतकात झाले.

महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ अन्वये खाजगी साखर कंपन्यांच्या जमिनी शासनाने घेतल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे या महामंडळाकडे आले. शेती व कारखाना यांचा एकच मालक असण्याची व्यवस्था येथे संपली. ज्या सुधारणेने जमिनीचे केंद्रीकरण मोडले, तिच्यामुळेच शेतावरील श्रम आणि कारखाना यांतील कायदेशीर दुवाही तुटला.

सहकारी कारखाने व वेतन मंडळे : प्रवरानगर येथील पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या (१९५०) यशानंतर १९५० च्या दशकात बारामती तालुक्यात माळेगाव व इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे, तर १९६० च्या दशकाच्या आरंभी सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. उजनी धरण (१९८०) झाल्यावर भीमेच्या फुगवट्यातून उपसा सिंचन वाढले व इंदापुरात आणखी कारखाने निघाले. या कारखान्यांचे सभासद ऊस-उत्पादक शेतकरी होत. कारखान्यातील कामगारांसाठी केंद्र शासनाने साखर उद्योगाची वेतन मंडळे १९५७ व १९६५ मध्ये नेमली. पुढे राज्यात त्रिपक्षीय समित्यांच्या करारांनी वेतनश्रेणी ठरू लागल्या. कायम व हंगामी असे कामगारांचे वर्ग झाले. हंगामी कामगारालाही पुढच्या हंगामात कामावर परत येण्याचा हक्क आणि बंद काळासाठी काही भत्ता मिळू लागला.

हंगामीपणा हा संरक्षण देण्याच्या आड येतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि कायद्याने या कारणास्तव सूटही दिली होती. राज्य कामगार विमा अधिनियमाने हंगामी कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले व त्यांत साखर आणि गूळ यांचे उत्पादन स्पष्टपणे नमूद केले.

तोडणीची व्यवस्था : सहकारी कारखान्यांच्या विस्तारामुळे तोडणीसाठी फार मोठ्या संख्येने मजुरांची गरज निर्माण झाली. ती बीड, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), जालना इ. जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त भागांतून व खानदेशातून भागविली जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढले. राज्यातील ऊसतोडणी कामगारांच्या संख्येचे अंदाज वेगवेगळे असून ते सर्वसाधारणपणे आठ ते पंधरा लाखांच्या दरम्यान आहेत. दसरा–दिवाळीच्या सुमारास कुटुंबे घर सोडतात व गाळप संपल्यावर मार्च–एप्रिलमध्ये परततात.

पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; एकट्या मजुराचा अर्धा कोयता. मजुरी दोघांच्या कामावर टनाच्या हिशेबाने ठरते व बहुधा पुरुषाच्या नावे लिहिली जाते. अनेक कोयत्यांची एक टोळी असते व तिच्यावर मुकादम असतो. वाहतुकीच्या साधनांनुसार गाडी सेंटर, टायर सेंटर व डोकी सेंटर असे प्रकार मानतात. पहिल्या दोहोंत बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेतात, तर डोकी सेंटरवर मोळ्या डोक्यावरून ट्रक वा ट्रॅक्टरपर्यंत वाहून भराव्या लागतात. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो व ती कामातून फेडून घेतो. कामावर न आल्यास ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. हंगामाअखेर उचल न फिटल्यास बाकी पुढील वर्षी ओढली जाते. वाढे विकून येणारे पैसे हे हंगामातील रोजच्या खर्चाचे मुख्य साधन असते.

या साखळीत मुकादम, वाहतूक कंत्राटदार, कारखाना व ऊस-उत्पादक असे चार दुवे आहेत. अनेक कारखान्यांनी तोडणी व वाहतुकीसाठी स्वतंत्र संस्थाही काढल्या. ऊस शेतकऱ्याचा आहे आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच ऊसबिलातून वजा होतो, म्हणून मजूर आपले नव्हेत, असे कारखाना म्हणू शकतो. टोळी कारखान्याने पाठविली, असे शेतकरी म्हणतो. आपणही टोळीपैकीच एक आहोत व पैसा वरून आलेला आहे, अशी मुकादमाची भूमिका असते. प्रत्यक्षात कोणत्या शेतात कोणत्या दिवशी तोड घालावयाची, हे कारखान्याच्या शेतकी विभागाने आखलेल्या कार्यक्रमानुसार ठरते व कारखान्याचा पगारी चिटबॉय त्याप्रमाणे तोडीची चिठ्ठी देतो. म्हणजे कामाचे नियंत्रण एकाकडे, खर्च दुसऱ्याकडे, कर्ज तिसऱ्याकडे व जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

कायद्याची मर्यादा : १९७० च्या दशकात असंघटित श्रमाविषयी अनेक अधिनियम झाले. महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम केला होता. एका मालकाशी कायमचे नाते नसलेल्या श्रमिकाची मंडळाकडे नोंदणी करावयाची व मालकांकडून मजुरी आणि अधिभार वसूल करून मंडळानेच त्याला वेतन, भविष्यनिधी इ. लाभ द्यावयाचे, ही त्यातील कल्पना मौलिक होती. ऊसतोडणीस मात्र ती त्या काळी लावण्यात आली नाही.

कंत्राटी कामगार (विनियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० वीस वा अधिक कंत्राटी कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. अधूनमधून होणारी कामे त्यातून वगळली असली, तरी वर्षात साठ दिवसांहून अधिक चालणारे हंगामी काम असे वगळता येत नाही, असा खुलासा त्यातच होता. पाच-सहा महिने चालणारी ऊसतोडणी या व्याख्येत बसू शकते. परंतु नोंदणी, परवाने व हजेरीपट यांवाचून टोळ्या येत-जात राहिल्या. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ याने आगाऊ रकमेपोटी श्रमाने बांधून घेणे बेकायदा ठरविले व अशी कर्जे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम हे संविधानाच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम होय, असा निर्णय दिला. उचल ही मात्र व्यवहारात ‘आगाऊ मजुरी’ मानली गेली. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ याने विस्थापन भत्ता, प्रवासभाडे, निवास व वैद्यकीय मदत यांची तरतूद केली. परंतु तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांनाच लागू होता. बीड वा पाथर्डीहून इंदापूरला येणारा कामगार राज्याची सीमा ओलांडत नसल्याने त्याला या तरतुदींचा लाभ मिळू शकला नाही.

मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी दिलेच नव्हते असे नाही. धरंगध्रा केमिकल वर्क्स प्रकरणात (१९५७) हंगामात कुटुंबासह राबणारे व उत्पादनाच्या प्रमाणात मोबदला घेणारे आगरिया मिठागर कामगार हे ‘कामगार’च होत, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. हुसेनभाई प्रकरणात (१९७८) मध्यस्थांचा पडदा बाजूला सारून ज्याच्या धंद्यासाठी श्रम खर्ची पडतात व ज्याच्या हाती कामगाराच्या उपजीविकेची दोरी आहे, तोच खरा मालक, असे तत्त्व सांगितले. ऊसतोडणीशी या दोन्ही प्रकरणांचे साम्य उघड आहे. परंतु सहा महिन्यांनी गाव बदलणाऱ्या व मुकादमाच्या देण्यात असलेल्या कुटुंबाला न्यायालयाची दीर्घ वाट परवडणारी नव्हती.

संघटना व लवाद : कायद्याच्या अभावी दर ठरविण्याचा मार्ग संप व वाटाघाटी हाच राहिला. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे इ. नेत्यांनी कामगारांच्या व मुकादमांच्या संघटनांचे नेतृत्व केले. साखर संघ व संघटना यांच्यातील करारांसाठी लवादाची पद्धत रूढ झाली. तीत बारामतीचे शरद पवार व मुंडे यांचा आणि नंतर पंकजा मुंडे यांचा सहभाग राहिला. २०२० मध्ये सरासरी १४ टक्के व जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली. या करारांनी दर व मुकादमाचे कमिशन वाढले. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, अपघात व प्रसूती यांविषयीचे प्रश्न मात्र त्यांच्या कक्षेत क्वचितच आले. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेऊन तितकीच भर शासनाने घालावी, अशी योजना २०२१ पासून पुढे आली. कारखान्याच्या गाळपावर आकारणी करणारी ही व्यवस्था माथाडी अधिनियमाच्या कल्पनेजवळ जाते. मात्र मजुरीचे वाटप तीत मुकादमाकडेच राहते.

सामाजिक परिणाम : उघड्या रानातील पाचटाच्या खोपी, पिण्याच्या पाण्याची व शौचालयांची उणीव, पहाटेपूर्वी सुरू होणारे काम आणि मोळ्यांचे ओझे यांचा भार स्त्रियांवर अधिक पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेथील सर्वेक्षणात सु. ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाडा परवडत नाही, हे त्यामागील एक कारण होय. मुलांसाठी १९९० च्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या. पुढे गावीच हंगामी वसतिगृहे ठेवण्याकडे कल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोडणी कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

नवे उद्योग व कंत्राटी काम : १९९० नंतर बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात वाहननिर्मिती, दुग्धप्रक्रिया व वस्त्रोद्योग आणि भिगवण परिसरात कागदनिर्मिती असे उद्योग आले. हे कारखाने हंगामी नव्हते. तथापि देशभर याच काळात उत्पादनाच्या नित्य कामासाठीही कंत्राटदारामार्फत माणसे घेण्याची रीत वाढली. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण २००० च्या सुमारास सु. एक-पंचमांश होते, ते २०२२–२३ मध्ये सु. दोन-पंचमांशांवर गेले. कंत्राटी पद्धतीस मनाई झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात दिला. कंत्राट केवळ दिखाऊ असल्यास त्यास अपवाद ठेवण्यात आला. २०१८ मध्ये ठराविक मुदतीच्या नेमणुकीस सर्व उद्योगांत मान्यता मिळाली. ऊसतोडणीत जे हंगामामुळे अटळ मानले गेले होते, ते आता बारमाही कारखान्यांतही स्वीकारले गेले.

कामगार संहिता : वेतन (२०१९) आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती (तिन्ही २०२०) या चार संहितांनी २९ केंद्रीय अधिनियम एकत्र केले. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. किमान वेतन सर्व रोजगारांना लागू करणे, लेखी नियुक्तिपत्र, वेतनातील एकूण कपात निम्म्याहून अधिक न होऊ देणे व असंघटित कामगारांची नोंदणी या तरतुदी ऊसतोडणी कामगाराच्या उपयोगी पडण्याजोग्या आहेत. दुसरीकडे, कामगारकपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपुरते ठेवले गेले. कंत्राटी कामगारांविषयीची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. महाराष्ट्राने हा बदल २०१७ मध्येच केला होता. दहा-बारा कोयत्यांच्या, म्हणजे वीस-पंचवीस माणसांच्या टोळीचा मुकादम पूर्वी परवान्याच्या कक्षेत येऊ शके. तो आता स्वतःच्या टोळीपुरता त्याबाहेर गेला. स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत स्वतःहून आलेल्यांचा समावेश झाला. परंतु राज्याच्या सीमेची अट कायम राहिली.

मूल्यमापन : सुधारणांचे समर्थक असे म्हणतात, की कडक कायद्यांमुळेच मालक कायम नेमणुका टाळतात व कायदा सैल झाल्यास नियमित रोजगार वाढेल. वर पाहिलेला इतिहास या मताला अंशतःच पुष्टी देतो. ऊसतोडणीवर कडक कायदा कधीच लागू झाला नाही, तरी तेथे नियमित रोजगार निर्माण झाला नाही. याउलट त्याच कारखान्याच्या आत हंगामी कामगाराला वेतनश्रेणी व परतीचा हक्क मिळाला आणि त्यामुळे उद्योग बंद पडले नाहीत. दोन्ही गट एकाच उसावर, एकाच हंगामात व एकाच कारखान्याच्या वेळापत्रकानुसार काम करतात. त्यांच्यातील फरक मुख्यतः मालकाच्या निश्चितीचा आहे. तोडणी यंत्रांच्या खरेदीस शासन अनुदान देऊ लागले असून काही भागांत ती मजुरांची जागा घेत आहेत. ज्यांना कामगार म्हणून नोंदच नव्हती, त्यांना काम गेल्यावर नुकसानभरपाई मागण्याचाही आधार राहत नाही. सुपे येथे १८७५ मध्ये पेटलेल्या खतांनंतर कायद्याने शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब तपासण्यास आरंभ केला. कोयत्याच्या उचलीचा हिशेब तशाच रीतीने तपासला जाणे आणि गाळप करणाऱ्या कारखान्यावर तोडणीची जबाबदारी निश्चित होणे, या दोन गोष्टी कामगार कायद्यांच्या या प्रदेशातील इतिहासात अद्याप अपुऱ्या राहिल्या आहेत.